मृगांतील तेजोमेघ आणि चित्राचा खरेपणा

मार्गशीर्षांत रात्रीचीं जेवणें आटोपून गच्चीवर जावें, तों पूर्वेस मृग नक्षत्र चांगलें वर आलेलें असतें. चार पाय, मध्यें एका ओळींतील तीन ताऱ्यांचा बाण आणि मागें व्याध, हें आमच्या वाचकांच्या घरचीं लहान मुलेंहि जाणतात. त्या बाणाच्या दक्षिणेस एक अंधुक पुंजका दिसतो. तो म्हणजे सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर असलेला, वायु व धूलि यांचा विस्तीर्ण तेजोमेघ होय.

याच मेघाच्या एका छायाचित्रावरून गेल्या महिन्यांत आमच्या घरीं वाद झाला. आमच्या नातवानें गांवच्या काळोख्या माळावरून घेतलेलें तें चित्र महाविद्यालयाच्या प्रदर्शनांत जावयाचें होतें. तें तीन निरनिराळ्या चित्रांचें संगणकावर केलेलें मिश्रण आहे असें कळतांच, “मग हें छायाचित्र कसलें? ही तर कारागिरी!” असें आम्ही पानावर बसल्या बसल्या सर्वांदेखत बोलून गेलों. मुलगा कांहींच बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें मूळचीं तीन चित्रें आमच्यापुढें ठेविलीं.

पहिलें पांच सेकंदांचें. त्यांत मेघाच्या गाभ्यांतील चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन स्वच्छ दिसत होता; भोंवतीं मात्र काळोख. दुसरें तीस सेकंदांचें. त्यांत गाभ्याभोंवतालचा उजळ भाग उमटला होता. तिसरें तीन मिनिटांचें, आकाशाच्या गतीबरोबर फिरणाऱ्या बैठकीवर घेतलेलें. त्यांत मेघाचे फिके पंख दूरवर पसरलेले दिसले, पण गाभा पांढराफटक होऊन चारहि तारे त्यांत बुडाले होते.

याचें कारण असें. कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राहक पटावर लक्षावधि सूक्ष्म घरें असतात व प्रत्येक घर भांड्यासारखें प्रकाश सांठवितें. भांडें काठोकाठ भरल्यावर आणखी किती पडलें, याची गणती राहत नाहीं. चौदा बिटांच्या कॅमेऱ्यांत ही गणती फार तर १६,३८३ पर्यंत जाते. पंखांच्या भांड्यांत जेमतेम तळ झांकण्याइतका प्रकाश जमतो, तों गाभ्याचीं भांडीं ओसंडून जातात. अडचण जुनीच आहे. १८८० सालीं अमेरिकेंत हेन्री ड्रेपर यांनीं या मेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें तें ५१ मिनिटांचें; पुढें १८८२ सालीं त्यांनीं १३७ मिनिटें प्रकाश घेऊन फिका भाग मिळविला.

आतां कृति. एकाच कालावधीचीं पुष्कळ चित्रें घेऊन प्रथम त्यांची सरासरी काढितात. सोळा चित्रांच्या सरासरीनें चित्रांतील निरर्थक रवाळपणा एक चतुर्थांश उरतो. मग तिन्ही कालावधींचीं चित्रें ताऱ्यावर तारा ठेवून तंतोतंत जुळवितात, आणि फोटोशॉपमध्यें किंवा विनामूल्य मिळणाऱ्या गिंपमध्यें तीं थरांसारखीं एकावर एक रचितात. सर्वांत दीर्घ काळाचें तळाशीं, अल्प काळाचें वर. वरच्या थरास मास्क जोडतात. मास्क पांढरा असेल तेथें वरचा थर दिसतो, काळा असेल तेथें झांकतो, करडा असेल तेथें दोन्ही मिसळतात. युक्ति अशी कीं, खालच्या चित्राचीच कृष्णधवल प्रत मास्क म्हणून वापरावी. म्हणजे जेथें तें जळून पांढरें झालें, नेमकें तेथेंच वरचें चित्र उघडें पडतें. मास्क किंचित् धूसर केला कीं सांधा दिसत नाहीं. तीन थरांस हीच कृति दोनदां करावी.

एक पथ्य मात्र आहे. गाभा भोंवतालच्या मेघाहून मंद दिसूं लागला, तर अतिरेक झाला असें समजावें. तेजाचें अंतर कमी करावें. तेजाचा क्रम मोडूं नये.

हें ऐकतांना आम्हांस पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ति आठवली. १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पुऱ्या झालेल्या त्या कार्यांत अनेक हस्तलिखितें ताडून संहिता सिद्ध केली. कोणतीहि एक पोथी जशीच्या तशी छापिली नाहीं. म्हणून तिला बनावट म्हणावें काय? पाठ पोथ्यांच्या आधारें घेतले आहेत आणि भिन्न पाठ खालीं नोंदले आहेत. चित्रासहि हाच न्याय. दुसऱ्या आकाशांतला तारा आणून येथें बसविला, अथवा केलेलें मिश्रण दडविलें, तरच तें खोटें. शिवाय दुर्बिणीस डोळा लावला असतां ते चार तारे व भोंवतालचा मेघ आम्हांस एकदमच दिसले. डोळ्यास जें साधतें तें कॅमेऱ्यास एका खेपेंत साधत नाहीं, एवढाच काय तो भेद.

शब्द सर्वांदेखत गेला होता, म्हणून आम्हीं तो त्याच पंक्तींत सर्वांदेखत परत घेतला. एक अट मात्र घातली, आणि ती नातवानें आनंदानें पाळली. प्रदर्शनांतील चित्राखालीं त्याच्या हस्ताक्षरांत लिहिलें होतें: ‘५, ३० व १८० सेकंदांच्या चित्रांचें मिश्रण.’ ज्यांच्या घरीं मुलांनीं हा उद्योग आरंभिला असेल, त्या वडीलधाऱ्यांनीं आमच्यासारखी घाई करूं नये. आधीं मूळ चित्रें मागवावीं, मग बोलावें.