कार्ताज मागणाऱ्यांना उत्तर

सोळाव्या शतकात चौलच्या बंदरातून जहाज हाकारायचं तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताज’ नावाचा परवाना घ्यावा लागे. समुद्र त्यांनी खणलेला नव्हता की वारा त्यांच्या हुकमाने वाहत नव्हता. तरीही बिनपरवान्याचं जहाज ते जप्त करीत. रेवदंड्याची पडकी पोर्तुगीज तटबंदी पाहिली की मला तो परवाना आठवतो. कारण लिनक्स शिकून सर्व्हर सांभाळायचं काम करू पाहणाऱ्या आमच्याकडच्या मुलामुलींकडे आजही तसाच परवाना मागितला जातो.

मागणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. ते म्हणतात, सर्व्हर हा पोरखेळ नाही. रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड हाती असलेला माणूस एका ओळीत सगळी माहिती पुसू शकतो. म्हणून ज्याला ‘मॅन’ नावाची मदतीची पानं वाचून आपलं आपण उमगत नाही, ज्याला इंग्रजी अडतं, ज्याच्याजवळ इंजिनिअरिंगची पदवी नाही, त्याने या वाटेला येऊ नये. प्राथमिक प्रश्न विचारणाऱ्याला झिडकारलं तरच तो तयार होतो. आम्हीही असेच तयार झालो.

यातला धोका खरा आहे. ‘आरएम’ ही फाईल पुसण्याची आज्ञा दिली की ती कचरापेटी ठेवत नाही, पुन्हा विचारतही नाही. विचारण्याआधी चार ओळी स्वतः वाचाव्यात, हेही मला मान्य. पण एवढ्यावरून बाकीचं सिद्ध होत नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत काय झालं ते पाहा. दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असं समजून एका अभियंत्याने मुख्य सर्व्हरवरचीच डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. चूक ध्यानात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या, पण ऐन वेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत. सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. त्या माणसाला इंग्रजी अडत नव्हतं, कामाची सवय होती. कमी पडली ती बॅकअप खरोखर परत उभा राहतो का, हे अधूनमधून करून पाहण्याची शिस्त. ती शिस्त दारावर पहारा ठेवून येत नाही, आत आलेल्याला शिकवून येते. कंपनीने हा सारा प्रकार जगापुढे उघडा मांडला, म्हणून तर चौलमध्ये बसून मला तो शिकता आला.

झिडकारण्याबद्दलही बोलू. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लायनस टोरवाल्ड्सने आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजे लिनक्सची, पहिली वार्ता दिली, तीच मुळी प्रश्न घेऊन: मिनिक्स प्रणालीतलं तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही? पुढे त्याच्या फटकळपणाचे गोडवे गाणारे पुष्कळ निघाले. पण सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वतः त्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ काम बाजूला ठेवलं. मुख्य माणसाने जे टाकून दिलं, ते आपल्याकडच्यांनी गुण म्हणून का मिरवावं?

आता माझी गोष्ट. मी सुपारीच्या वाडीतला. जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकून शिकत होतो. मुंबईतल्या एका वर्गात मी विचारलं होतं: डिस्क भरली म्हणून लॉगची मोठी फाईल पुसली, तरी ‘डीएफ’ शंभर टक्केच का दाखवतं? शिकवणारे सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हे तुमचं काम नव्हे, गावी जाऊन वाडी बघा.’ मी घरी आलो आणि तीन महिने लॅपटॉप उघडला नाही. रोज वाटायचं, ते बरोबरच म्हणाले असतील.

त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे मिळालं, तेही आपल्या जमिनीच्या भाषेत. सातबाऱ्यावरून नाव काढलं तरी कूळ जमीन कसत असेल, तर जमीन मोकळी होत नाही. तसंच इथे: फाईलचं नाव पुसलं, पण चालू असलेल्या प्रोग्रामने ती उघडून धरलेली आहे. तो सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ’ने कोण धरून बसलाय ते शोधायचं, ती सेवा पुन्हा सुरू करायची, की जागा सुटते. माझा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. रोज सर्व्हर सांभाळणाऱ्याला पडावा असाच तो होता. तीन महिने गेले ते मात्र परत आले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. शंका हवीच, पण ती हातातल्या आज्ञेवर घ्यावी: मी कोणत्या सर्व्हरवर आहे, कोणत्या डिरेक्टरीत आहे, बॅकअप कुठे आहे. ‘मी या कामाचा आहे का’ ही शंका सर्व्हरच्या काहीच उपयोगाची नाही. आणि चुका करायला हक्काची जागा हवी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पडलेली पोफळ पुन्हा उभी करता आली नाही. नवं रोप लावून वर्षं मोजावी लागली. संगणकाच्या आत चालवलेल्या आभासी मशीनचं तसं नाही. आधी स्नॅपशॉट घ्या, मग हवं ते मोडा, थोड्या वेळात ते पूर्ववत होतं. असं शिकायचं साधन हाताशी असताना भीती घालून शिकवणं हा निव्वळ अपव्यय आहे.

इंग्रजीची सबबही आता चालत नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे पाठ मराठीतून मोफत आहेत. एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला आपला टर्मिनल, आणि शेजारी वही. मीही पुन्हा सुरुवात केली ती अशीच.

आजकाल संध्याकाळी आमच्या पडवीत चारपाच जण बसतात. चौल, रेवदंडा, नागाव, कुठूनही या. पदवी विचारणार नाही. प्रश्न मराठीत विचारा. फक्त पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून आणा.