रांग दाखवा, मी उभी राहते

मेलबर्नच्या एका उपनगरात, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये गणपतीची आरती झाली आणि मोदकाची ताटली हातात धरून एका गृहस्थांनी मला सुनावलं, "वहिनी, आपण सगळे रांगेत उभे राहून या देशात आलो. ही बोटवाली माणसं रांग मोडून घुसतात. समुद्रातूनच परत पाठवली, तर चुकलं कुठे?" त्यांच्या आई पुढच्या ओळीत खुर्चीवर बसल्या होत्या. नऊवारी, गुडघ्यांवर शाल, हातात टाळ तसेच. या आजींना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

माझ्या तोंडात मोदक होता, म्हणून तेव्हा फारसं बोलले नाही. आता तोंड रिकामं आहे.

रांगेचं कौतुक मला सांगू नये. रॉकेलच्या रांगेत माझं बालपण गेलंय. डहाणूला रेशनच्या दुकानापुढे पहाटे पिशवी, नाहीतर नुसता दगड ठेवून नंबर धरता यायचा, आणि त्या दगडाचाही मान राखला जायचा. पण त्या रांगेच्या टोकाला खिडकी होती, खिडकीत एक चिडका माणूस होता आणि त्याच्या मागे खरोखरीच रॉकेलचं पिंप होतं. पिंप नसेल तर तिला रांग म्हणत नाहीत. तिला हेलपाटा म्हणतात.

ऑस्ट्रेलियात येऊ पाहणाऱ्या निर्वासिताची रांग जकार्तात आहे, असं सांगतात. अफगाणिस्तानातून जीव मुठीत धरून निघालेला हजारा, म्यानमारमधून हाकललेला रोहिंग्या असे लोक कुठून कुठून इंडोनेशियात पोचतात. इंडोनेशियाने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तिथे त्यांना राहू देतात, पण नोकरी करू देत नाहीत आणि कायमचं बस्तानही बसवू देत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं आणि कुठलातरी तिसरा देश बोलावील म्हणून वाट बघायची. दहा-दहा वर्षं वाट बघणारी माणसं तिथे आहेत. 2019 मध्ये जकार्तातल्या केबोन सिरिहच्या त्या कचेरीबाहेर फुटपाथवर बायकापोरांसकट लोक झोपत होते. कार्ड खिशात आणि पथारी रस्त्यावर. नियमाने वागण्याचं हे फळ.

आणि खिडकी? नोव्हेंबर 2014 मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री स्कॉट मॉरिसन यांनी जाहीर केलं, की 1 जुलै 2014 पासून पुढे इंडोनेशियात ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांना ऑस्ट्रेलिया घेणार नाही. नीट वाचा. ही बोटीत बसणाऱ्यांची गोष्ट नाही. जे बोटीत बसले नाहीत, कार्ड घेऊन गुपचूप थांबले, त्यांची आहे. रेशनवाल्याने शटर ओढून कुलूप घालायचं आणि आतून ओरडायचं, मागच्या दाराने येऊ नका, रांगेत या! आमच्या डहाणूत अशा दुकानावर दगड पडले असते. इथे मतं पडली.

बरं, बोटीने येणं हा गुन्हा आहे का? 1951 च्या करारात स्वच्छ लिहिलंय, की जिवाच्या धोक्यातून थेट पळून आलेला माणूस परवानगीशिवाय शिरला, एवढ्यासाठी त्याला शिक्षा करायची नाही. त्याने वेळेवर समोर येऊन कारण सांगावं, म्हणजे झालं. हा करार 1954 मध्ये लागू झाला, तो सहाव्या देशाची मान्यता आल्यावर. सहावा देश ऑस्ट्रेलिया. म्हणजे ज्याच्या सहीने कायदा उभा राहिला, त्यालाच आता तो अडचणीचा वाटतो. मे 2013 मध्ये संसदेने यावर नामी उपाय काढला. बोटीने येणाऱ्यांपुरता ऑस्ट्रेलियाचा सबंध मुख्य भूभाग स्वतःच्याच स्थलांतर क्षेत्राबाहेर काढला. तुम्ही डार्विनच्या धक्क्यावर पाय ठेवलात, तरी आश्रय मागण्यापुरते ऑस्ट्रेलियात आला नाहीत. कर चुकवायला घर बायकोच्या नावावर करणारे मी पाहिलेत. अख्खा खंड कागदावरून गायब करणारे पहिल्यांदाच पाहिले. हे लेबर पक्षाच्या राजवटीत झालं, हेही सांगून ठेवते, कारण माझे डावे मित्र सगळं पाप पुढचे पंतप्रधान टोनी ॲबट यांच्या पदरात टाकून हात धुतात.

ॲबट सप्टेंबर 2013 मध्ये 'स्टॉप द बोट्स' या तीन शब्दांवर निवडून आले आणि लगेच 'ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स' सुरू झालं. मंत्री मॉरिसन, शेजारी गणवेशातला जनरल, समोर पत्रकार. बोट आली का? किती माणसं होती? परत लावली का? उत्तर ठरलेलं: 'ऑन-वॉटर मॅटर्स', पाण्यावरच्या बाबींवर आम्ही बोलत नाही. लोकशाहीत जमिनीवर उत्तर द्यावं लागतं, पाण्यावर नाही, हा नवा सिद्धान्त. पुढे मॉरिसन पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या कार्यालयातल्या एका चषकाची बातमी आली. बोटीच्या आकाराचा धातूचा तुकडा आणि त्यावर कोरलेलं, 'आय स्टॉप्ड दीज'. आंतरशालेय खो-खोची ढाल ठेवावी, तसा.

बोट थांबवतात म्हणजे काय करतात, तेही बघू. आरमाराने बोट गाठायची, माणसं उतरवून घ्यायची आणि पुन्हा इंडोनेशियाकडे लावायची. लाकडी बोट मोडकी असली तर सुरुवातीला नवी, नारिंगी रंगाची जीवरक्षक बोट दिली जायची. ही बोट वरून पूर्ण बंद असते. झाकण लावलेला डबाच. जहाज बुडालं तर मदत येईपर्यंत काही तास तग धरावा, म्हणून ती बनवलेली. त्यात उलट्या करणारी पोरं, बाया, इंजिनची धग, आणि टाकीत जावाचा किनारा गाठेल एवढंच डिझेल. जानेवारी 2014 पासून हे नारिंगी डबे जावाच्या दक्षिण किनाऱ्याला लागू लागले. गावकऱ्यांना वाटलं असेल, कुठलं जहाज बुडालं बुवा! जहाज कुठलंच बुडालं नव्हतं.

त्याच जानेवारीत मॉरिसन यांना इंडोनेशियाची जाहीर माफी मागावी लागली. बोटी ढकलता ढकलता ऑस्ट्रेलियाचं आरमार इंडोनेशियाच्या हद्दीत शिरलं होतं. चौकशीत निघालं, एकदा नव्हे, सहा वेळा. अनवधानाने, म्हणे. मोहिमेचं नाव सार्वभौम सीमा, आणि सीमा कुठे आहे तेच ठाऊक नाही! इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री मार्टी नातालेगावा हे धोरण आम्हाला मान्य नाही, असं पहिल्यापासून सांगत होते. पण आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणाऱ्याला शेजाऱ्याचं म्हणणं ऐकू येत नसतं. त्यातून आपला केर मुळात शेजाऱ्याकडूनच आला, अशी त्याची खात्री असते. आणि मी इथे माणसांना केर म्हणते आहे, हे माझ्या लक्षात आहे. धोरण तेच म्हणतं, फक्त इस्त्रीच्या शब्दांत.

आता मे 2015. एक बोट अडवली. निघाली होती न्यूझीलंडला. इंडोनेशियाच्या पोलिसांचं म्हणणं, ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांनी खलाशांना बत्तीस हजारांच्या आसपास अमेरिकन डॉलर रोख दिले आणि माणसं परत न्यायला सांगितलं. पोलिसांनी नोटांचे फोटोही दाखवले. माणसं दोन लहान लाकडी बोटींत भरली होती. एकीचं इंधन संपलं, दुसरी रोटे बेटाजवळ खडकावर चढली. ॲबट यांना विचारलं, पैसे दिले का? त्यांनी नाही म्हटलं नाही. येनकेन प्रकारेण बोटी थांबवू, एवढंच म्हणाले. दलालांचा धंदा बसवायला निघालेलं सरकार, आणि त्याच्यावर दलालांच्या खलाशांना मेहनताना दिल्याचा आरोप! लोक चोराला पकडायला जातात. इथे म्हणे चोराला परतीचं भाडं दिलं.

हे खलाशी कोण, हेही कुणी विचारत नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे दलाल जकार्तात बसतात, बोटीत पाय टाकत नाहीत. बोट हाकतो तो रोटे, फ्लोरेसकडचा कोळ्याचा पोर. थोडे पैसे, माणसं नेऊन सोड. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात याला किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा ठेवली, न्यायाधीशाचे हात बांधून. वय सांगायला दाखला नाही, म्हणून मनगटाचा एक्स-रे काढून कोर्टात प्रौढ ठरवलेली अल्पवयीन पोरं मोठ्यांच्या तुरुंगात गेली. ऑस्ट्रेलियाच्याच मानवाधिकार आयोगाने 2012 मध्ये या एक्स-रेचे वाभाडे काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आपली म्हण. आमच्या पालघर-डहाणूची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि हद्द ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं सडतात. समुद्रावरची रेघ कुणी आखली आणि त्या रेघेपायी कोण आत जातो, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

आता बोटी थांबवणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. माझ्या बाजूचे लोक हा मुद्दा आला की विषय बदलतात. मी बदलणार नाही. 2008 ते 2013 या काळात या मार्गावर बाराशेच्या आसपास माणसं बुडाली. 15 डिसेंबर 2010 ला ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस आयलंडच्या कड्याखाली एक बोट फुटली, पन्नास माणसं गेली. वर कड्यावर उभे असलेले रहिवासी खाली लाइफ जॅकेट फेकत होते आणि लाटा ती परत आणून टाकत होत्या. ते दृश्य मी टीव्हीवर पाहिलं आणि त्या रात्री जेवले नाही. बोटी ढकलायला लागल्यावर या मार्गावरची मरणं जवळपास थांबली. हे खरं आहे. थांबली ते चांगलं झालं.

पण ज्याला बुडणाऱ्याची काळजी असते तो पुढे काय करतो? पाण्यात उतरू नको म्हणतो आणि जिना दाखवतो. हे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्याच घरातलं आहे. 1976 मध्ये व्हिएतनामहून पहिली बोट डार्विनला आली. पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी मलेशिया आणि आसपासच्या छावण्यांत अधिकारी पाठवले, तिथेच कागद तपासले, तिथूनच विमानात बसवलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत बोटीने आले दोन हजारांच्या आसपास, विमानाने त्याच्या कितीतरी पट. पिंप भरलेलं होतं, म्हणून रांग लागली. 2014 मध्ये नेमकी हीच खिडकी बंद केली, तीही बुडणाऱ्यांच्या नावाने गळा काढत. समुद्रातली मरणं मोजणारे काबूलची आणि क्वेट्टाची मोजत नाहीत. ती पाण्यावरची बाब नसते.

त्याच मे 2015 मध्ये अंदमानच्या समुद्रात हजारो रोहिंग्या आणि बांगलादेशी बोटींत अडकले. थायलंड ढकलतो मलेशियाकडे, मलेशिया ढकलतो इंडोनेशियाकडे, इंडोनेशियाचं आरमार पाणी-बिस्किटं देऊन परत खोल समुद्रात. यातले काही ऑस्ट्रेलिया घेईल का, असं ॲबट यांना विचारलं. उत्तर: 'नोप, नोप, नोप.' शेवटी माणसं बाहेर काढली ती इंडोनेशियातल्या आचेच्या कोळ्यांनी. माणसं आणू नका, असं कोळ्यांना बजावलेलं होतं. पण आचेमध्ये पांगलिमा लाओत नावाची कोळ्यांची जुनी पंचायत आहे, आणि तिचा दंडक असा, की समुद्रात माणूस सापडला तर तो कोण, कुठला, हे न विचारता आधी वर घ्यायचा. जाळी बाजूला सारली आणि शेकडो माणसं ओढून काढली. सार्वभौमत्व वगैरे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना समुद्र जास्त माहीत होता.

आता आपला देश सोडून बोलतेय असं वाटायला नको. जून 2014 मध्ये 157 तमिळांना घेऊन एक बोट आपल्या पुदुच्चेरीहून निघाली. ऑस्ट्रेलियाने त्यांना अडवून महिनाभर समुद्रात, कस्टम्सच्या जहाजावर कोंडून ठेवलं. त्यात पन्नास मुलं. त्यांना भारतात परत पाठवायचं घाटत होतं, ते फिसकटलं, मग नाउरू बेटावरची छावणी. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, ठेवलं ते कायदेशीर. फेब्रुवारी 2021 मध्ये इंजिन बंद पडलेली रोहिंग्यांची बोट आपल्या तटरक्षक दलाला अंदमानजवळ सापडली. 81 जिवंत, आठ मृत. आपण पाणी दिलं, औषध दिलं, किनारा दिला नाही. बांगलादेशाला म्हटलं, तुम्ही घ्या. तो म्हणाला, आमचा काय संबंध? आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदाच नाही, त्यामुळे मोडल्याचा आरोपही होत नाही. सोय आहे.

तर त्या संध्याकाळी निघताना पार्किंगमध्ये ते गृहस्थ पुन्हा भेटले. आजींना गाडीत बसवत होते. आजींचा इथला मुक्काम कायमचा आहे. आईवडिलांना कायमचं आणायचं तर इथे दोन रांगा आहेत, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला पाठ असतं. साध्या रांगेत तीस वर्षांच्या आसपास थांबावं लागतं. हा सरकारचाच अंदाज आहे आणि अर्जदार सत्तरीचे असतात. दुसऱ्या रांगेत माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर मोजायचे आणि पुढे सरकायचं. आजी दुसऱ्या रांगेतून आल्या, हे मला माहीत होतं. पैसे भरले त्या वर्षी गृहस्थांनी गाडी बदलली नव्हती, तेही माहीत होतं.

मी विचारलं, "आजींच्या वेळी साध्या रांगेत का नाही थांबलात?"

त्यांनी आजींच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली, दार लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती वेगळी गोष्ट आहे, वहिनी. आई आहे ती माझी."