तबकड्यांतील आप्तस्वर

स्नानसंस्कार, विवाह आदी मंगल प्रसंगांची चित्रणे आपण डीव्हीडी तबकड्यांवर उतरवून कपाटात ठेविली. परलोकवासी आजीचा आवाजही कदाचित तेथेच असेल. परंतु अशा तबकडीतील रंगद्रव्याचा थर नाजूक असतो. ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो निकामी होतो. म्हणून आम्ही सुचवितो, की तबकड्या वाचल्या जात आहेत तोवरच त्यांच्या प्रती संगणकावर उतरवून घ्याव्या. साध्या तबकडीत ४.७ जीबी मावते. १ टीबीच्या डिस्कवर अशा सुमारे २१० तबकड्या राहतात. ती डिस्क नेटवर्क साठवणपेटीत बसवून राउटरला जोडावी, म्हणजे घरातील स्मार्ट टीव्हीवर चित्रण पाहता येते. दुसरी प्रत मात्र नातलगांच्या घरी असावी. नोव्हेंबरात मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या नातवंडांना त्यांचा आवाजही ओळखीचा असावा.