किलोच्या भावाने लिटर

‘लिटर’ नावाची वस्तू किलोवर मिळते, हे कळायला मला वयाची 44 वर्षे लागली. बी. कॉम.ला हा विषय नव्हता. दूध लिटरवर, पेट्रोल लिटरवर, आणि मांजरांच्या परसाकडची माती मात्र ‘लिटर’ या नावाने किलोवर! पहिल्यांदा दुकानात जाऊन मी “दोन लिटर द्या” म्हणालो, तेव्हा गल्ल्यावरच्या पोराने माझ्याकडे असे पाहिले, की चेकवर सही करायला विसरलेल्या खातेदाराकडे मी कसा पाहत असेन ते मला कळले.

आमच्या घरी चार मांजरे आहेत. (हे वाक्य मी नेहमी कबुलीजबाबाच्या सुरात म्हणतो.) पहिली मनी. तिच्या दोन पिलांची नावे मी धंद्याला जागून ‘जमा’ आणि ‘नावे’ अशी ठेवली. चौथा बोका न बोलावता आला, मंजुरीशिवाय राहिला आणि वाढतच गेला. म्हणून त्याचे नाव ओव्हरड्राफ्ट.

“मांजराला कसली आलीय विकतची माती?” असे शेजारचे नाना मला दर महिन्याला विचारतात. “आमच्या वेळी मांजर आपलं परसात जायचं.” बरोबर आहे, नाना. पण त्याच परसात बिल्डरने इमारत बांधली आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मांजराने जावे कुठे?

तरी मी कारकून माणूस. फुकटचे उपाय आधी करून पाहिले. रद्दी फाडून ट्रेमध्ये घातली. ती एका रात्रीत लगदा झाली. सुताराकडून भुसा आणला. तो मांजरांच्या पायांना चिकटून देवघरापर्यंत पोचला. वाळू आणली, ती ओल टिपत नाही, वास तेवढा जपून ठेवते, मुदत ठेवीसारखा. मग मी विकतच्या मातीकडे वळलो, आणि तिथेच माझे या धंद्याशी भांडण सुरू झाले.

मातीची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत, मिशिगन राज्यात, 1947 साली एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. थंडीने तिची वाळू गोठली होती, आणि राख वापरावी तर घरभर पावलांचे ठसे. लोने तिला कारखान्यात सांडलेले तेल टिपायची दाणेदार माती दिली. ही माती आपल्या मुलतानी मातीच्या जातकुळीतली. म्हणजे आपल्याकडे जी तोंडाला लावतात, तिच्यात तिकडे मांजरे... असो. आता चलती आहे ती बेंटोनाइटची. ओल लागली की ही माती फुगते आणि तिचा घट्ट गोळा होतो. ती आपल्या कच्छमध्ये भरपूर निघते. फोटो तेवढा परदेशी मांजराचा.

पण नुसती माती विकून दुकानदारांचे भागत नाही. तिच्यात लव्हेंडर, लिंबू आणि गुलाब घालतात. हा वास कुणासाठी? मांजराचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तिखट. अत्तराच्या गोदामात कोंडून तुम्हाला कुणी “आता निवांत बसा” म्हटले तर बसाल? तो वास मालकासाठी असतो. पिशवी मालक विकत घेतो ना!

मीही घेतली. जमा आणि नावे यांनी लव्हेंडरचा निषेध म्हणून माझ्या चादरीवर नोंद केली. ओव्हरड्राफ्ट मात्र ट्रेमध्ये जाऊन परत येऊ लागला. दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात बसून नुसता कण्हत होता. सौ. म्हणाली, “अहो, बद्धकोष्ठ असेल.” मीही मान डोलावली. नशिबाने कन्येने ऐकले नाही. ती त्याला पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, आणि अशी तुंबली की एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. “कारणं पुष्कळ असतात,” बाई म्हणाल्या, “पण ट्रे आवडला नाही की मांजर धरून ठेवतं. वासाची माती बंद करा. आणि ट्रे फिनेलने धुता का?” सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी जमिनीकडे. “फिनेल मांजराला विष आहे. साधा साबण आणि पाणी पुरे.”

त्या रात्री बोका दवाखान्यात आणि मी हिशेबाला बसलो.

साधी, गोळा न होणारी माती 25 रुपये किलो. मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त ठेवावा, असा नियम. पाच ट्रे मांडले तर आम्हाला जिन्यात झोपावे लागेल, म्हणून तिनांवर तडजोड. ट्रेमागे चार किलो. आठवड्याला सगळी फेकायची. चार आठवड्यांत 48 किलो, 1200 रुपये. (महिना 28 दिवसांचा असतो, हे मोबाइल कंपन्यांनी आता सिद्ध केलेच आहे.)

गोळा होणारी, बिनवासाची माती 50 रुपये किलो. एकदा ट्रे भरले की रोज झाऱ्याने गोळे काढायचे आणि निघाले तेवढीच भर घालायची. (हा झारा स्वयंपाकघरातला नव्हे, हा खुलासा सौ.च्या आग्रहावरून.) चार मांजरांना महिन्याला 16 किलो, 800 रुपये. म्हणजे मांजरामागे रोज सात रुपये. ‘स्वस्त’ मातीचे पडतात पावणेअकरा. आणि दवाखान्याचे बिल? त्यात वर्षभराची माती आली असती.

म्हणून माझे जाहीर म्हणणे असे, की पिशवीवरचा किलोचा भाव ही शुद्ध फसवणूक आहे. भाव मांजरामागे, दिवसाचा काढावा. आणि त्यावर शेवटची सही मांजराची असावी. बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही कर्जदाराच्या अत्तराचा वास घेत नाही, मग मातीचा का घ्यावा?

ओव्हरड्राफ्ट चौथ्या दिवशी घरी आला. पहाटे दोनला ट्रेमधून खरखर, खरखर आवाज आला. झोपमोड झाली म्हणून मी आयुष्यात इतका खूश कधी झालो नव्हतो.

आता दुकानातला तो पोरगा लांबूनच ओरडतो, “साहेब, किती लिटर?”

“सोळा किलो,” मी म्हणतो. “बिनवासाची.”