केदारनाथ : मर्यादा हाही उपासनेचाच भाग

दरवर्षी भाऊबीजेला केदारनाथ मंदिराचे दरवाजे बंद होतात आणि देवाची उत्सवमूर्ती डोलीतून उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात नेली जाते. हिवाळाभर पूजा तेथेच चालते; दरवाजे पुन्हा कधी उघडायचे, ती तिथीही महाशिवरात्रीला तेथूनच जाहीर होते. या सहा महिन्यांच्या विरामाकडे आपण केवळ हवामानाची अडचण म्हणून पाहतो. वस्तुतः या पर्वतावर माणसाचा अधिकार मर्यादित आहे, हे परंपरेने त्यातून मान्य केले आहे.

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या या स्थानाची कथाही हेच सांगते. गोत्रहत्येच्या पातकाने व्यथित झालेले पांडव शिवाला शोधत हिमालयात आले, पण शिवाने त्यांना सहजी दर्शन दिले नाही. वृषभरूपात तो भूमीत लुप्त झाला आणि मागे उरले ते वशिंड. मंदिरातील त्रिकोणी शिळा त्याचेच प्रतीक मानली जाते. येथील दर्शन पश्चात्तापाने आणि कष्टाने मिळवायचे असते, हा या कथेचा गाभा आहे.

जून २०१३च्या प्रलयात चोराबारी सरोवर फुटले आणि हजारो माणसे दगावली. मंदिर बचावले, त्याभोवती वाढलेली वस्ती वाहून गेली. तरीही २०२२मध्ये राज्य सरकारने ठरवलेली दररोज १२,००० यात्रेकरूंची मर्यादा यात्रा सुरू होताच वाढवण्यात आली. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत पंधरा लाखांहून अधिक लोक केदारनाथला पोहोचले.

मार्च २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. अपेक्षित खर्च ४,०८१ कोटी रुपये. दैनंदिन क्षमता १८,००० प्रवासी. आठ-नऊ तासांचा प्रवास सुमारे ३६ मिनिटांवर येईल. वृद्ध आणि अपंग भाविकांना याचा लाभ होईल, हे नाकारता येणार नाही. परंतु पायवाट, खेचरे आणि हेलिकॉप्टर यांत रोपवेची केवळ भर पडणार असेल, तर अवघ्या ३,५८० मीटर उंचीवरील त्या चिंचोळ्या दरीवर किती भार येईल, याचा विचार आधी व्हायला हवा.

म्हणून क्रम उलटा असावा. भूस्तर, पाणी व कचरा यांच्या अभ्यासावरून एकूण दैनंदिन मर्यादा प्रथम ठरावी, ती जाहीर व्हावी आणि रोपवेची आसने त्या मर्यादेतच मोजली जावीत. धर्मस्वातंत्र्यावर हा घाला ठरत नाही. घटनेच्या अनुच्छेद २५नेच ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवले आहे.

खेचरवाले, डोलीवाले आणि लहान दुकानदार यांच्या उपजीविकेचा प्रश्न खरा आहे. त्याचे अंशतः उत्तर परंपरेतच सापडते. हिवाळ्यात देव उखीमठला असतो. मग यात्राही तेथे का जाऊ नये? शासनाने तेथील निवास, रस्ते व रोजगार यांवर खर्च केला, तर शिखरावरील गर्दी कमी होईल आणि दरीतील घरे बारा महिने चालतील. देवस्थानाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त शासनाने पाळली, तरी श्रद्धेचा पुरेसा सन्मान होईल.