टाचेला मशीन, पण पायात चप्पल नाही

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एक ताई एक्स-रे आणि एका खासगी सेंटरचा कागद घेऊन आमच्याकडे आल्या. चार घरची धुणीभांडी, लादी पुसणे हे त्यांचे काम. आठ महिने टाच दुखते. म्हणाल्या, "हाड वाढलंय. शॉकवेव्ह मशीननं फोडून टाकतात म्हणे. दहा सिटिंगचे नऊ हजार. बचत गटातून उचलू का?"

आम्ही म्हटले, आधी बसा, चहा घ्या.

असे कागद हल्ली वस्तीत बरेच दिसतात. म्हणून जे त्यांना सांगितले तेच इथे लिहितो आहोत. शॉक म्हटले की विजेचा झटका आठवतो, पण हा तो नव्हे. या मशीनमधून दाबाच्या लहरी निघतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचे टोक त्वचेवर टेकवले की टकटक असे हजारो ठोके बसतात. मुळात हे तंत्र मुतखडा फोडण्यासाठी निघाले. 1980 मध्ये जर्मनीतील म्युनिकला पहिल्या रुग्णाचा मुतखडा असा फोडला गेला. पुढे त्याच तंत्राचा सौम्य प्रकार हाडे आणि कंडरांच्या जुन्या दुखण्यावर वापरू लागले. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2000 साली टाचदुखीसाठी अशा मशीनला मान्यता दिली.

पण टाचेचे "वाढलेले हाड" हे मशीन फोडत नाही. फोडायची गरजही नसते. एक्स-रेत असे हाड दिसणारे कितीतरी लोक आहेत, ज्यांची टाच कधीच दुखत नाही. दुखते ती तळपायाखालची पट्टी, टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेली. सकाळचे पहिले पाऊल टाकताना कळ येते आणि चालल्यावर थोडी सैल होते, ती बहुधा हीच. हाडाची भीती घालून जो पॅकेज विकतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

मशीन खोटे आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. कित्येक महिने व्यायाम करूनही न हटलेली टाचदुखी, खांद्याच्या कंडरेत साचलेला चुना, यांत त्याचा बऱ्याच जणांना उपयोग होतो. कोपराच्या दुखण्यात पुरावा डळमळीत आहे. कंबरेसाठी तर आम्ही कुणाला खर्च करा म्हणून सांगणार नाही. साधारण तीन ते पाच वेळा, आठवड्यातून एकदा, एवढे पुरते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. मग पहिल्याच दिवशी दहा सिटिंगचे पैसे कशाला? गरोदर बाई, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेले, यांनी ते घेऊच नये. तळपाय जळजळत असतील, मुंग्या येत असतील, तर आधी साखर तपासा. ते दुखणे वेगळे.

ताईंना आम्ही दोन व्यायाम दाखवले. सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटे नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे, असे दहा वेळा. दिवसातून तीनदा. दुसरा पायरीवरचा. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच पायरीबाहेर, हात भिंतीला. तीन मोजत टाच वर, दोन मोजेपर्यंत थांबायचे, तीन मोजत खाली. एक दिवसाआड, आणि सुरुवात दोन्ही पायांवर. किमान तीन महिने. पैसा लागत नाही, म्हणून लोकांना विश्वास बसत नाही.

मग आम्ही सांगितले, कडक फरशीवर अनवाणी चालू नका. त्या हसल्या. "ताई, चप्पल दाराबाहेर काढावी लागते. सहा तास फरशीवरच असते मी. आणि चौथ्या मजल्यावर जिन्यानं. लिफ्ट आमच्यासाठी नाही."

आम्ही गप्प झालो. पंधरा वर्षे वॉर्डात काढली, शेकडो बायकांना "मऊ चप्पल वापरा" म्हणून सांगितले. कुठे वापरणार, हे एकदाही विचारले नव्हते. ज्या घराची लादी आपण चकचकीत करतो, त्या घरात आपल्या पायाला चप्पल चालत नाही, आपल्याला लिफ्ट चालत नाही. याला स्वच्छता म्हणायचे की आणखी काही, हे या मासिकाच्या वाचकाला आम्ही सांगायला नको. नऊ हजारांचे ठोके मारून तीच टाच पुन्हा त्याच फरशीवर टेकवायची असेल, तर ते पैसे पाण्यात.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. कामाच्या प्रत्येक घरी आत घालायला धुतलेली मऊ चप्पल आणि लिफ्ट. ही मागणी एकेकटीने नाही, एका सोसायटीत जाणाऱ्या सगळ्यांनी मिळून करायची. दुसरी मागणी सरकारकडे. ज्यांना खरेच गरज आहे त्यांच्यासाठी हे मशीन जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात केसपेपरच्या पैशांत मिळाले पाहिजे. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी आधी ईएसआय रुग्णालयात दाखवावे. तो आपलाच पैसा आहे.

ताईंनी कर्ज काढले नाही. चारपैकी दोन घरांनी चप्पल ठेवू दिली. एका घरी "बघू" म्हणाले. चौथ्या घरी त्या आता जात नाहीत. टाच अजून दुखते, पण सकाळी भिंत धरून उठावे लागत नाही. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या पायऱ्यांवर त्याच व्यायाम दाखवणार आहेत. येताना एक जुना टॉवेल आणा.