वायफायला शिव्या घालण्याआधी...

"रास्पबेरी पायचं वायफाय भिकार आहे राव!" हे वाक्य चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. पाठोपाठ सल्ला तयारच: डाँगल घे, नवा राऊटर घे, मेश लाव. थोडक्यात, पैसे फेक. मंडळी, दिवसभर हापिसात आपण दुसऱ्यांचे बग शोधतो ना? मग घरी आल्यावर ती अक्कल कुठे जाते?

साधं बघा. त्या बोर्डाची अँटेना जेमतेम नखाएवढी. तिला ॲल्युमिनियमच्या देखण्या डबीत कोंडायचं आणि वर सिग्नल नाही म्हणून बोंब मारायची! शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क असेल तर आणखीच मजा. तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलंय. बरं, ५ गिगाहर्ट्‌झवर जावं, तर २०१६ च्या पाय ३ ला ते येतच नाही; ते आलं २०१८ च्या ३बी प्लसपासून. शिवाय सळया घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीत ते अजून लवकर दम तोडतं.

म्हणून आधी मोजा. डबी काढा, मोजा. डिस्क लांब सरकवा, मोजा. वायफायचं पॉवर सेव्ह बंद करा, मोजा. एका वेळी एकच बदल. उणे ६० डीबीएम मिळाले तर उत्तम. उणे ८० ला देवाचं नाव घ्या. १० डीबी कमी म्हणजे ताकद एक दशांश!

आता खरा मुद्दा. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू केलं. तेव्हापासून गच्चीवरच्या टाकीची पातळी बघणारा पाय हा नुसता रविवारचा खेळ राहिलेला नाही. सिग्नल तुटला की मोटर बंद करायचा निरोप पोचत नाही, टाकी वाहून जाते आणि टँकरचे पैसे सगळ्यांच्या खिशातून जातात.

अहो, टाकी जागची हलते का? मग तिला बिनतारी कशाला? कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते. डक्टमधून सोडा वर! पण नाही, वायर दिसली की आपल्याला कमीपणा वाटतो. टाइल्सचा रंग ठरवायला बिल्डरकडे चार चकरा मारू, पण नेटवर्कच्या केबलसाठी पाइप टाकलाय का, हे विचारणार नाही.

जे फिरतं त्याला वायफाय, जे बसून आहे त्याला वायर. पटत नसेल तर आकडे घेऊन या, मग भांडू.